अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे

‘दहावी झाली, आता अकरावीत जरा दम घे, खरा अभ्यास बारावीला’ हा सल्ला महाराष्ट्रात घरोघरी मिळतो. विज्ञान शाखेपुरता तरी तो चुकीचा आहे. अभियांत्रिकीच्या राज्य सीईटीत अकरावीच्या निवडक प्रकरणांना सुमारे २० टक्के भार, म्हणजे २०० पैकी ४० गुण असतात. जेईई आणि नीटमध्ये तर दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर प्रश्न येतात. शिवाय अकरावीची त्रिकोणमितीची सूत्रे तोंडपाठ नसतील, तर बारावीचे इंटिग्रेशन पहिल्या काही उदाहरणांतच अडते आणि ऐन पूर्वपरीक्षेच्या तोंडावर मागचे पुस्तक शोधत बसावे लागते. अकरावीचे गुण या प्रवेशांच्या गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, एवढे मात्र खरे. गैरसमजाचे मूळ बहुधा तिथेच असावे.