थांबा फलकाचे अंदाजपत्रक

चौकात किंवा फाट्यावर वाहन पूर्ण थांबवण्याची आज्ञा देणारा लाल अष्टकोनी फलक विकत घेणे, जागेवर रोवणे आणि पुढे टिकवणे यांच्या खर्चाची आधी केलेली मांडणी म्हणजे थांबा फलकाचे अंदाजपत्रक. रक्कम छोटी असल्याने हा हिशेब बहुधा दुसऱ्या मोठ्या कामाच्या पोटात एका ओळीत उरकला जातो. त्यामुळे थांबारेषा, झुडपे तोडणे अशा बाबी गळतात आणि कित्येक फाट्यांवर फलक उभा असूनही वाहने थांबत नाहीत.

भारतात फलकाचा आकार, रंग आणि जागा इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 67 या संहितेनुसार ठरते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या रस्ते समितीच्या शिफारशींतून पुढे 1934 मध्ये ही संस्था स्थापन झाली. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 116 मध्ये वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार आहे, तर कलम 119 नुसार ती पाळणे चालकावर बंधनकारक आहे. अष्टकोन ही अमेरिकेतली 1923 ची कल्पना. लाल पार्श्वभूमी तिथे 1954 मध्ये आली, कारण तोवर लवकर न विटणारा लाल रंग मिळत नव्हता आणि फलक पिवळे असत. आठ कोपऱ्यांचा मोठा फायदा असा की अक्षरे धुळीने झाकली किंवा फलक मागून दिसला तरी तो ओळखू येतो. मराठीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आपल्याकडे ‘थांबा’ म्हणजे एसटीची थांबण्याची जागाही होते.

अंदाजपत्रकातला पहिला प्रश्न फलक हवा की नको, हा असतो. फाट्यावरून मुख्य रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर दिसत असेल, तर ‘रस्ता द्या’ हा उलटा त्रिकोण पुरतो. ऊस, भिंत किंवा वळण यामुळे नजर अडत असेल, तिथे थांबाच हवा. चार रस्त्यांच्या चौकात तो सहसा दोन दुय्यम रस्त्यांवर लागतो, म्हणजे हिशेब दोन फलकांचा. सरसकट सगळीकडे थांबा लावला की चालक तो मानेनासे होतात आणि पैसे वाया जातात.

पैसे कोणी द्यायचे, हा दुसरा आणि अधिक चिवट प्रश्न. धोका राज्यमार्गावरच्या वेगाचा असतो, पण फलक त्याला मिळणाऱ्या ग्रामीण मार्गाच्या तोंडाशी लागतो. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि लहान रस्ता जिल्हा परिषदेचा असला, की अर्ज दोन कार्यालयांत फिरत राहतो. म्हणून मागणीपत्रातच रस्त्याचा क्रमांक, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) आणि फाट्याचे छायाचित्र द्यावे. हद्द कोणाची, हे मग पहिल्याच पाहणीत ठरते.

रुपयांतले दर दरसूची बदलली की बदलतात, परिमाणे मात्र टिकतात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या दर-विश्लेषणात 90 सेंमी उंचीच्या अष्टकोनाची स्वतंत्र बाब आहे: 1.5 मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर प्रकाश परत फेकणारी परावर्तक शीट, खांबासाठी 75 × 75 × 6 मिमीचा लोखंडी अँगल आणि 45 × 45 × 60 सेंमीचा एम 15 प्रतीच्या काँक्रीटचा पाया. या अष्टकोनाचे क्षेत्रफळ सुमारे 0.67 चौरस मीटर भरते. तो 90 सेंमीच्या चौरसातून कापायचा म्हटला, तर चार कोपऱ्यांचे मिळून 0.14 चौरस मीटर कातरण निघते. पत्रा आणि शीट दोन्हींची ही नासाडी दरात धरावी लागते. पत्र्याचे वजन पावणेतीन किलोच्या आत राहते. अँगल मात्र मीटरला 6.8 किलो भरतो. बिनपदपथाच्या रस्त्यावर फलकाची खालची कड रस्त्याच्या माथ्यापासून, म्हणजे मधल्या उंच भागापासून, किमान दीड मीटर उंच हवी. त्यात फलकाचे 90 सेंमी आणि जमिनीतले 60 सेंमी मिळवले की खांब तीन मीटर, वजन 20 किलोंहून थोडे जास्त. बाजूपट्टीला उतार असेल, तर लांबी तितकी वाढवावी. शहरात पदपथाशेजारी फलक सुमारे दोन मीटर उंच लागतो, तिथे साडेतीन मीटर अँगल धरावा. पायाला 0.12 घनमीटर काँक्रीट पुरते, म्हणजे सिमेंट जेमतेम पाऊण पोते.

एवढ्याशा सामानासाठी टेम्पो किंवा ट्रॅक्टर मात्र पूर्ण फेरी मारतो आणि मजुरांचा दिवस मोडतो. एकच फलक बसवला, तर वाहतूक आणि मजुरी अंगावर येते. एका रस्त्यावरचे आठ-दहा फाटे एकाच कामात घेतले, तर तोच खर्च वाटला जातो. फलकापुढच्या पांढऱ्या थांबारेषेला हे आणखी लागू पडते. साडेतीन मीटर रुंद पदरावर (लेनवर) 20 सेंमी रुंदीची रेषा म्हणजे 0.7 चौरस मीटर रंग, पण त्यासाठी थर्मोप्लास्टिक हा रंग वितळवण्याची भट्टी जागेवर आणावी लागते. म्हणूनच रेषा अंदाजपत्रकातून गळते. ती गाळू नये. नेमके कुठे थांबायचे हे चालकाला रेषाच सांगते, आणि रेषेवर थांबल्यावर मुख्य रस्ता दिसावा यासाठी झुडपे तोडण्याची बाबही याच हिशेबात हवी.

या बेरजेवर 18 टक्के वस्तू व सेवा कर, बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर आणि आकस्मिक खर्च धरून अंदाजपत्रक प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेला जाते. देयक मोजमाप पुस्तकातल्या (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीतल्या) नोंदीवर निघते. नोंद घेताना शीटचा वर्ग पाहणे सर्वांत गरजेचे. हलक्या आणि उच्च दर्जाच्या शीटमध्ये दिवसा फारसा फरक जाणवत नाही. तो रात्री मोटारीच्या दिव्यात कळतो. उत्पादकाचे हमीपत्र देयकाला जोडून घ्यावे.

देखभालीसाठी वेगळी तरतूद लागते. लाल रंग उन्हात विटतो, ट्रकच्या धक्क्याने अँगल वाकतो, ॲल्युमिनियम भंगारात विकले जात असल्याने पत्रा चोरीला जातो. चोरी जास्त असेल, तिथे संमिश्र पत्रा वापरावा आणि साध्या नट-बोल्टऐवजी रिव्हेट मारावेत. वाढदिवसाचे शुभेच्छा फलक याच खांबाला बांधले जातात आणि आज्ञा झाकली जाते. ते उतरवण्याचा खर्च कुठल्याच दरसूचीत नसतो, पण रस्त्याची देखभाल करणाऱ्या मैलकुलीच्या कामात तो लिहून ठेवता येतो. फलकाच्या पाठीवर उभारणीचा महिना आणि वर्ष रंगवावे. शीटची हमी संपली की नाही हे मग जागेवरच कळते आणि बदलाची रक्कम पुढच्या वर्षाच्या मागणीत वेळेवर घालता येते.