हवेच्या दाबाचा सेन्सर घेताय? आधी हे वाचा

नुसतं "प्रेशर सेन्सर द्या, स्वस्तातला" असं म्हणू नका, कशाचं प्रेशर मोजायचंय ते सांगा, अर्धं काम तिथेच होतं.

गच्चीवर छोटं वेदर स्टेशन करायचंय किंवा ड्रोनची उंची बघायचीय तर बीएमपी२८० घ्या, महागाच्या मागे लागायची काही गरज नाही. हा ३०० ते ११०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप) मोजतो आणि आपल्या इंदूरला काम ९५० च्या आसपासच असतं. मोबाइलवर १०१० दिसतंय आणि सेन्सर ९४८ दाखवतोय म्हणून खराब समजून परत आणू नका हो, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहोत आणि मोबाइलवाला आकडा समुद्रसपाटीचा हिशोब करून दिलेला असतो, कोडमध्ये उंची टाकली की दोन्ही जवळपास जुळतात.

उंचीचं म्हणाल तर खालच्या खोलीतून गच्चीवर नेला की फरक लगेच कळतो, एका मजल्याला साधारण ०.३ हेक्टोपास्कल. पण "मी नक्की किती मीटरवर आहे" हे विचाराल तर ८-९ मीटर इकडेतिकडे होणारच, शिवाय हवा बदलली की आकडा पण बदलतो, पावसाळ्यात तर विचारूच नका.

ओलावा पण मोजायचाय? मग बीएमई२८०. तो महाग आहे आणि ऑनलाइन बीएमई सांगून बीएमपी सर्रास पाठवतात. भिंगातून बघा, बीएमईची चकचकीत डबी चौकोनी असते, अडीच बाय अडीच मिलिमीटर, बीएमपीची एका बाजूने २ मिलिमीटरच. डबीवरच्या बारीक भोकावर गोंद, फ्लक्स (सोल्डर करताना लावतात ते), पाणी काही जाऊ देऊ नका, आणि ईएसपीच्या (वायफायवाल्या बोर्डाच्या) चिपला चिकटवून लावू नका, गरमीने तापमान चुकतं.

जोडताना ३.३ व्होल्टच द्या. सहा पिनांच्या छोट्या बोर्डावर रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करणारा भाग) नसतो, आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या ५ व्होल्टवर लावला की गेला समजा. "सेन्सर सापडतच नाही" ही तक्रार रोजची आहे, बहुतेक वेळा अ‍ॅड्रेसचा (बोर्ड ज्या नंबरने सेन्सरला शोधतो त्याचा) घोळ असतो, सेन्सरची एसडीओ पिन ग्राउंडला तर ७६ (कोडमध्ये 0x76), ३.३ ला तर ७७ (0x77), आणि लायब्ररी (सेन्सर वाचायचा तयार कोड) बिचारी भलत्याच नंबरवर शोधत बसते.

नर्मदेचं पाणी टाकीत किती चढलं ते बघायला मात्र हा चालणार नाही. त्याला नळी जोडायचा एमपीएस२०एन००४०डी मागा, एचएक्स७१० च्या (सेन्सरचा बारीक सिग्नल आकड्यात बदलणाऱ्या चिपच्या) बोर्डासकट येतो, ४० किलोपास्कलपर्यंत म्हणजे ४ मीटर पाण्यापर्यंत पुरतो. नळीत हवाच राहू द्या, पाणी सेन्सरपर्यंत चढायला नको. टायर किंवा कॉम्प्रेसरसाठी आट्यांचा, ०.५ ते ४.५ व्होल्ट आउटपुटवाला घ्यावा लागेल, तो वेगळ्या भावात.

तुमचा ऊनो किंवा ईएसपी बोर्ड सोबत आणलात तर काउंटरवरच जोडून दाखवू. सोल्डर केलेला सेन्सर परत घेत नाही.