दाढेतला किडा ते रूट कॅनल, मागची गोष्ट

दाढ ठणकायला लागली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलंच, कीड लागली बघ. समजूत फार जुनी आहे, बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दाढेतल्या किड्याला घालवायचा मंत्र सापडलाय आणि आपल्या सुश्रुतसंहितेतही कृमिदंतक नावाचा रोग आहे. खानापूर, निपाणीकडच्या जुन्या माणसांना विचारा, रिंगणीच्या बियांच्या धुरीचं नक्की सांगतील. बिया तापलेल्या खापरावर टाकायच्या, नळीनं धूर दाढेला द्यायचा, मग पाण्यात पडलेले पांढरे बारीक किडे दाखवायचे. ते किडे नसतातच, उष्णतेनं बी फुटून आतला गर बाहेर येतो तो तसा दिसतो. पण बघणाऱ्याला पटायचं, कारण डोळ्यासमोर पडलेलं असायचं ना.

1728 साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं पुस्तक लिहून किड्याची गोष्ट खोडून काढली. खरं कारण सापडायला मात्र 1890 उजाडलं, तेव्हा बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं मांडलं की तोंडातले जंतू साखर-पिठूळ खाण्यापासून आम्ल करतात आणि ते दात पोखरतं. खड्डा आतल्या नसेपर्यंत गेला की नस सुजते, गरम चहा लागला की कळ मस्तकात जाते, रात्री झोप नाही. आणि मग एक दिवस अचानक दुखायचं थांबतं. इथेच लोक फसतात, मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण थांबलं म्हणजे नस मेली आणि पू आता मुळाच्या टोकाशी हाडात साठायला लागला. नंतर चावताना दात उंच झाल्यासारखा लागतो, हिरडीवर पुळी येते, ती फुटली की तोंडात घाण चव येते आणि परत बरं वाटतं.

उपाय तसा पूर्वीपासून एकच, पू बाहेर काढा नाहीतर दातच काढा. भूल नसल्यामुळे लोक शेवटपर्यंत टाळायचे. 1844 मध्ये अमेरिकेत होरेस वेल्सनं हसवणारा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली, 1905 च्या सुमारास नोव्होकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन आलं, आणि 1895 मध्ये लागलेल्या एक्स-रेमुळे मुळाखाली पूमुळे झिजलेलं हाड दिसायला लागलं. रूट कॅनलची, म्हणजे खराब नस काढून दाताची आतली पोकळी साफ करून भरायची, घडी बसत होती तोवर 1910 मध्ये हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं कॅनडातल्या भाषणात दातातल्या इन्फेक्शनवर अंगातल्या बऱ्याच आजारांचं खापर फोडलं, मग पुढची कित्येक वर्षं दात वाचवायच्या ऐवजी सरसकट उपटले गेले.

पेनिसिलिन आलं 1940 च्या दशकात आणि त्यातून आपली आताची सवय लागली, मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, सूज उतरली की विसरायचं. पण मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर गोळी तिथे पोचणार कशी? ताप असेल, सूज पसरत असेल तेव्हा अँटिबायोटिक लागतंच, पण सोबत दाढ उघडून साफ करायला हवी किंवा काढायला हवी. निपाणी भाग तंबाखूचा, दुखऱ्या दाढेवर मिश्री दाबणाऱ्या बायका अजून आहेत, त्यानं हिरड्या आणखी खराब होतात.

देशात डेंटिस्ट कायदा 1948 चा, बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज 1985 चं, म्हणजे आपल्या आईवडिलांच्या तरुणपणी असला इलाज जवळ नव्हताच, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आता कॉलेजमध्ये शिकाऊ डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली कमी पैशात रूट कॅनल करतात, दोन-तीन खेपा होतात एवढंच.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. जबड्याखाली दोन्हीकडून कडक सूज, जीभ वर ढकललेली, थुंकी गिळता येत नाही, श्वासाला त्रास. जर्मन डॉक्टर लुडविगनं 1836 मध्ये याचं वर्णन केलं, अँटिबायोटिकच्या आधी यातले निम्म्याहून जास्त लोक दगावायचे. असं दिसलं तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.