करंटने हातात ताकद "भरते" का? मग फिजिओ मशीन कशाला लावतात?

फेब्रुवारीत मावशीला पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत बराच सुधारला, हात मात्र मूठ आवळलेलाच राहिला. फिजिओने हाताला करंटचं मशीन सुरू केलं आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, आता करंटने ताकद भरेल. पण स्नायू म्हणजे काही बॅटरी नाही चार्ज करायला, आणि खरं जे घडतं ते मला इतकं आवडलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट, मशीनचा करंट स्नायूला नाही, नसेला चाळवतो. नस म्हणजे इथे चेतातंतू, रक्ताची नाही. चेतातंतूच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टने निगेटिव्ह असते. मशीनची दोन पॅड त्वचेवर चिकटवतात, त्या क्षणी जे पॅड निगेटिव्ह असेल त्याच्याखाली हा फरक कमी होतो, पुरेसा कमी झाला की तंतूच्या आवरणातली सोडियम आत सोडणारी दारं उघडतात आणि संदेश निघतो, पुढे तो स्वतःच्या जोरावर स्नायूपर्यंत पळतो. करंटच्या एका ठोक्याला 200 ते 400 मायक्रोसेकंद पुरतात. नसच तुटली असेल तर एवढ्या छोट्या ठोक्याने स्नायू ढिम्म हलत नाही, त्याला कितीतरी पट लांब ठोका लागतो. मावशीचा बिघाड मेंदूत आहे, मणक्यापासून हातापर्यंतची वायर शाबूत आहे, म्हणून मशीन चालतं. एका ठोक्याला स्नायू एकदा झटका देतो, सेकंदाला 30-40 ठोके दिले की झटके एकमेकांत मिसळून सलग ओढ तयार होते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मणक्यातली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायूतंतू मिळून एक टोळी होते. छोट्या टोळ्या कमी ताकदीच्या पण न थकणाऱ्या, मोठ्या टोळ्या जोरदार पण लगेच दमणाऱ्या. सुई उचलताना मेंदू फक्त छोट्यांना उठवतो, पाण्याची बादली उचलायची वेळ आली की क्रमाने मोठ्या येतात. हार्वर्डच्या एलवुड हेनेमन यांनी 1950-60च्या दशकांत मांजरांवरच्या प्रयोगांतून हा क्रम दाखवला, आणि कारण आपल्या शाळेतल्या ओहमच्या नियमातच आहे! छोट्या पेशीचा रोध जास्त, म्हणजे तेवढ्याच करंटने तिचा व्होल्टेज जास्त बदलतो, ती आधी पेटते. मेंदूला वेगळी यादी ठेवावी लागत नाही. बाहेरून करंट दिला की मात्र हे गणित फिरतं, कारण जाड तंतूच्या आतला रोध कमी, त्यामुळे बाहेरच्या करंटला जाड तंतू आधी बळी पडतात, त्यात कोणता तंतू पॅडच्या किती जवळ आहे तेही मोजायचं, म्हणजे प्रत्यक्षात सगळी सरमिसळच होते. पण एक पक्कं, पॅडखालच्या त्याच त्या टोळ्या एकदम, पुन्हा पुन्हा, पाळी न बदलता कामाला लागतात, म्हणून स्नायू पटकन थकतो आणि म्हणूनच मशीन थोडे सेकंद चालू, त्याहून जास्त वेळ बंद ठेवतात. फायदा असा की अशक्त माणसाला स्वतःहून ज्या मोठ्या टोळ्या उठवता येत नाहीत त्यांनाही व्यायाम मिळतो.

मला सुरुवातीला कळेना, पकड सुधारायची तर पॅड हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली का? घरी करून बघा. मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवा आणि लाटणं घट्ट धरा. जमत नाही ना? बोटं मिटवणारे मुख्य स्नायू पंज्यात नाही, कोपर ते मनगट या भागात आहेत, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून जातात, मनगट आत वाकलं की दोऱ्या सैल पडतात. मनगट थोडं मागे उचललेलं असेल तरच पकड पक्की बसते. म्हणून मनगट आणि बोटं मागे उचलणाऱ्या स्नायूंना आधी जागं करायचं, आणि ते असतात हाताच्या मागच्या बाजूलाच, कोपराखाली.

याच काळात एकांनी आम्हाला कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. मी स्पष्ट नाही म्हटलं, मेंदूतल्या बंद झालेल्या रक्तवाहिनीशी हातावर चोळलेल्या रक्ताचा काहीही संबंध नाही, त्यात मोलाचे आठवडे मात्र वाया जातात. टीव्हीवरचे "बसल्या बसल्या पोट कमी करा" वाले करंटचे बेल्टही तसलेच, 2002 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा तीन बेल्टांच्या जाहिरातींवर खटले भरले होते. करंट आहे म्हणजे विज्ञान आहे असं होत नाही.

फिजिओकडेसुद्धा नुसतं मशीन लावून मोबाइल बघत बसलं तर फारसं हाती लागत नाही. करंट येतो त्याच क्षणी पेशंटने स्वतः "उघड" म्हणून जोर लावायचा. काही मशीन तर स्नायूतला क्षीण सिग्नल पकडतात आणि पेशंटने प्रयत्न केला तरच करंट सोडतात. आणि हो, पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, गळ्यावर किंवा जखमेवर पॅड कधीच नको.

गेल्या मंगळवारी पॅड काढल्यावर मावशीने तर्जनी आणि मधलं बोट आपणहून उघडलं, पूर्ण नाही, पेला आत सरकेल एवढं. अंगठा अजून आतच आहे. फिजिओने आता एक पॅड मनगटाकडे, अंगठ्याच्या बाजूला सरकवलंय.