राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांत नेमका फरक कोणता?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हा राष्ट्रीय महामार्गच आहे, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात राष्ट्रीय महामार्ग आहे तो खोपोली-लोणावळ्यावरून जाणारा जुना रस्ता, ज्याचा क्रमांक पूर्वी ४ होता आणि २०१० च्या फेररचनेनंतर ४८ झाला. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला, कळंबोली ते किवळे हा सुमारे ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने, म्हणजे राज्याच्या यंत्रणेने बांधला आहे.

राष्ट्रीय महामार्ग हा कायदेशीर दर्जा आहे. १९५६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकार एखादा रस्ता तसा घोषित करते. मग तो सहापदरी असो वा घाटातला साधा दुपदरी. त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, तर राज्य महामार्गाचा हिरवा. क्रमांकांतही शिस्त आहे: उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम क्रमांक मिळतात. श्रीनगरहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग देशात सर्वांत लांब आहे.

द्रुतगती मार्ग मात्र ओळखायचा तो त्यावर कुठून आणि कोणाला शिरता येते यावरून. राष्ट्रीय महामार्गाला गावचे रस्ते थेट येऊन मिळतात, दुभाजक तोडून वळणे दिलेली असतात, कडेला ढाबे आणि एसटीचे थांबे असतात आणि शाळेची मुले गाड्यांचा अंदाज घेत रस्ता ओलांडतात. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण असते, प्रवेश फक्त ठरावीक इंटरचेंजवर मिळतो आणि दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव असतो. (मुंबई-पुणे मार्गावर खंडाळ्याच्या घाटात काही अंतर जुना आणि नवा रस्ता एकच होतो, म्हणून तेवढ्या पट्ट्यात दुचाकीही दिसतात.) समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देता येते, ती समोरून अचानक बैलगाडी येणार नाही या भरवशावर. पण त्याच कुंपणामुळे शेतकऱ्याचे घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला पडते, आणि भुयारी मार्ग लांब असला की त्याला रोजचा वळसा पडतो. माझ्या मते द्रुतगती मार्गाचे मोल ठरवताना वाचलेल्या तासांइतकाच हा वळसाही मोजला पाहिजे. समृद्धीवर वन्यप्राण्यांसाठी खास पूल आणि भुयारी मार्ग बांधले आहेत. माणसांच्या वाटांचा विचारही तेवढ्याच बारकाईने व्हायला हवा.

टोलची रीतही वेगळी आहे. राष्ट्रीय महामार्गावर टोलनाका सहसा मुख्य रस्त्यावरच असतो आणि दुचाकीला टोल नसतो. दोन नाक्यांच्या मधल्या गावांत ये-जा करणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. समृद्धीवर शिरताना नोंद होते आणि बाहेर पडताना कापलेल्या अंतराचे पैसे घेतले जातात.

मात्र हे दोन प्रकार परस्परविरोधी नाहीत. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग राज्याचा द्रुतगती मार्ग आहे. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग मात्र केंद्राचा असून अशा राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या वेगळ्या मालिकेत त्याचा क्रमांक ४ आहे.