कन्व्हर्ट झालेला पेशंट कोणत्या ग्रुपमध्ये?
सर्जरीच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी माहितीपत्रक

“लॅप कोली सुरू केली, कॅलॉटमध्ये सगळं चिकटलेलं, शेवटी ओपन करावं लागलं. आता हा पेशंट लॅपमध्ये धरू की ओपनमध्ये?”

लॅप कोली म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, कॅलॉट म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळची जागा, आणि दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं की पेशंट ‘कन्व्हर्ट’ झाला. आमच्याकडे थीसिसचं स्टॅटिस्टिक्स करून घ्यायला येणारे बहुतेक रेसिडेंट हे विचारतात. विचारतात ते बरंच. काहीजण परस्पर त्याला ओपनमध्ये सरकवून मोकळे होतात आणि काहीजण ती ओळच उडवतात. हे पत्रक खरं तर या न विचारणाऱ्यांसाठी छापलंय.

पेशंट पहिल्या दिवशी ज्या ग्रुपमध्ये गेला, त्याच ग्रुपमध्ये शेवटपर्यंत राहतो. ऑपरेशन टेबलावर काय झालं ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. व्हायव्हात याला ‘इंटेन्शन टू ट्रीट’ म्हणून सगळेच घडाघडा सांगतात, मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) भरताना मात्र विसरतात.

एक मनातलं गणित घ्या. लॅपचे ३० पेशंट. त्यातले २७ दोन-दोन दिवस राहिले, तीन कन्व्हर्ट झाले आणि आठ-आठ दिवस राहिले. एकूण ७८ दिवस, सरासरी २.६. ओपनचेही ३०, सरासरी ५ दिवस. फरक २.४ दिवसांचा. आता ते तिघं ओपनमध्ये ढकला. लॅपची सरासरी २ वर येते, ओपनची ५.३ च्या आसपास जाते आणि फरक सव्वातीन दिवसांवर पोचतो. वॉर्डात कोणी एक दिवसही लवकर घरी गेलेलं नाही, फक्त लॅपचे वाईट दिवस ओपनच्या खात्यावर चढले. एक्झामिनरला हे कळतं. कन्व्हर्जन शून्य दिसलं की ‘कन्व्हर्ट झालेले कुठे गेले?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.

शिवाय कन्व्हर्ट करणं यात लपवण्यासारखं काही नाही. क्रिटिकल व्ह्यू मिळत नाही, पित्ताशयात दोनच नळ्या जातायत याची खात्री होत नाही, अशा वेळी ओपन करणारा सर्जन सीबीडी (मुख्य पित्तनलिका) वाचवत असतो. लॅप राहूनच सबटोटल (पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून) करून बाहेर आला असाल तर ते कन्व्हर्जन नव्हे, पण तसं स्पष्ट लिहा.

पित्तनलिकेच्या थीसिसमध्ये हीच चूक दुसऱ्या वेषात येते. एका ग्रुपला आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) आणि मग लॅप कोली, दुसऱ्याला एकाच बैठकीत सीबीडी एक्स्प्लोरेशन (ऑपरेशनमध्येच नलिकेतला खडा काढणं). ईआरसीपीत खडा निघाला नाही म्हणून तो पेशंट ऑपरेशनला घेतला, तरी तो ईआरसीपीचाच. आणि त्याचे दिवस मोजताना ईआरसीपीची अ‍ॅडमिशनही धरायची. फक्त शेवटचं डिस्चार्ज कार्ड बघून भरलेले चार्ट आम्ही दर वर्षी परत पाठवतो.

सुजलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन अर्ली (लगेच) की डिलेड (थांबून), हा विषय असेल तर सहा आठवड्यांची तारीख दिलेला पेशंट तिसऱ्या आठवड्यात कळ येऊन परत आला आणि तातडीने ऑपरेट झाला, तरी तो डिलेडमध्येच. उशीर केल्याची किंमत तीच तर आहे! जर्मनीतला २०१३ साली छापून आलेला ६१८ पेशंटचा अभ्यास वाचा: २४ तासांत ऑपरेशन केलेल्यांत त्रास ११.८ टक्के, थांबवलेल्यांत ३४.४ टक्के.

प्लीहेच्या मारात ऑपरेशन न करता ठेवलेला पेशंट तिसऱ्या दिवशी बीपी पडून स्प्लेनेक्टॉमीला (प्लीहा काढायला) गेला, तर तो नॉन-ऑपरेटिव्हचं अपयश म्हणून मोजायचा. इथे चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाडलेले नसतात, त्यामुळे इजेची ग्रेड लिहिल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

तर चार्टमध्ये चार रकाने हवेतच: ठरलेली प्रोसिजर, झालेली प्रोसिजर, बदलाचं कारण, आणि बदल कधी झाला. हे पहिल्या पेशंटपासून भरा. नंतर भरायचं म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये केस पेपर उपसणं आलं, आणि ऑपरेशन नोटमध्ये ‘कन्व्हर्टेड टू ओपन’ एवढेच शब्द सापडतात. यात तुमचे दोन-तीन आठवडे जातात. आमचे टेबल आणि आलेख पहिल्यापासून करायला लागतात ते वेगळंच, म्हणून बदललेला चार्ट पुन्हा चालवण्याचे पैसे आम्ही लावतो. काहींना ते खटकतं. पण चूक आमची असेल तर एक रुपयाही घेत नाही.

“पी व्हॅल्यू जरा खाली आणा ना” (म्हणजे फरक योगायोगाचा वाटणार नाही असं करा) म्हणून आम्ही ओळी गाळत नाही. गाइडना हवं असेल तर कन्व्हर्ट झालेले वगळून दुसरा टेबल करून देतो, पण मुख्य टेबलाच्या खाली आणि तसं लिहून.

चार्टमध्ये पेशंटचं नाव किंवा भरतीचा (आयपीडी) नंबर नको, अनुक्रमांक पुरे.

ट्रायल असेल तर सीटीआरआयमधली (देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच झालेली हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली चालत नाही आणि त्यात आम्हाला काहीच करता येत नाही.

सिनॉप्सिसच्या (थीसिसच्या आराखड्याच्या) वेळीच एकदा येऊन गेलात तर उत्तम. सॅम्पल साइज (किती पेशंट लागतील तो आकडा) तेव्हाच काढायचा असतो, ६० पेशंट झाल्यावर नव्हे. विषयावरही बोलू. लॅप विरुद्ध ओपन हा विषय अजून दर वर्षी येतो, पण सर्जन डॉ. तेहेमटन उडवाडियांनी जे. जे. हॉस्पिटलमध्ये १९९० साली लॅप कोली करून दाखवली, त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. नवं विचारण्यासारखं पुष्कळ आहे. त्या पहिल्या बैठकीचे पैसे नाहीत, आणि चार रकाने आखलेला कोरा मास्टर चार्ट काउंटरवर फुकट मिळतो. लॅप कोली, सीबीडी आणि प्लीहा असे तिन्ही नमुने ठेवलेत.

सबमिशनच्या महिन्यात मात्र रांग असते. तेव्हा चार्ट बरोबर असला तरी आठ दिवस धरून चाला.