वायर उपटली म्हणून शिक्षा टळत नाही

ऑनलाइन गेममध्ये चालू सामना अर्ध्यात सोडला तर शिक्षा होते. ती चुकवायला एक सल्ला दिला जातो: ‘गेम बंद केला तर बॅन (खेळायला बंदी), पण राउटरची वायर काढली तर सर्व्हरला वाटतं नेट गेलं, मग काही होत नाही.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो साफ चुकीचा आहे. सर्व्हरला तुमची वायर दिसत नाही. त्याला एवढंच कळतं, की या खात्याकडून पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) येणं थांबलं. वीज गेली की तुम्ही रागावून निघून गेलात, हे तो विचारत बसत नाही. तो फक्त वेळ मोजतो.

डोटा २ मध्ये एकूण ५ मिनिटांहून जास्त बाहेर राहिलात, की सामना सोडल्याची नोंद होते. असं वारंवार झालं तर लो प्रायॉरिटी, म्हणजे शिक्षा झालेल्यांची वेगळी रांग, आणि तिथून सुटायला सामने जिंकावे लागतात, नुसते खेळून भागत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये कूलडाउन, म्हणजे नवा सामना खेळता न येण्याचा काळ, दर वेळी चढत जातो: ३० मिनिटं, २ तास, २४ तास, ७ दिवस. तो स्टीम सपोर्टला (हे गेम ज्यावर चालतात त्या स्टीमच्या मदत विभागाला) लिहून उठत नाही, उगाच तक्रारी टाकू नका.

नेट खरंच गेलं, तर राउटर रीस्टार्ट करण्यात मिनिटं घालवू नका. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा आणि ‘रीकनेक्ट’ दाबा. आयपी बदलला तरी चालतं, ओळख खात्यावरून होते.

नेट वरचेवर तुटत असेल तर आधी राउटरच्याच पत्त्याला १०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघा. तिथेच पॅकेट गळत असतील तर दोष वायफायचा. लॅन केबल लावा.